आईचे ताट उशिरा वाढले जाते, लवकर उचलले जाते

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सप्टेंबरमध्ये पोषण माह आला की गरोदर बाईने काय खावे याच्या याद्या सगळीकडे छापून येतात. आपल्या पुरवणीतही नुकतीच तशी यादी आली: बदाम, केशर घातलेले दूध, डाळिंब, शहाळे आणि वर 'सुपरफूड' म्हणून किनोआ. यादीत अपायकारक असे काही नाही. पण ती वाचणाऱ्याला वाटावे की आईचे पोषण म्हणजे सातव्या महिन्यात, ओटी भरायच्या सुमारास, घरात आणायचा एखादा महागडा जिन्नस. खरे दुखणे वेगळे आहे. आपल्याकडे आईचे ताट उशिरा वाढले जाते आणि गरज सर्वांत जास्त असते नेमकी तेव्हाच ते उचलले जाते. त्याचे परिणाम बाळाच्या जन्माच्या वजनावर थांबत नाहीत, म्हणून हे पत्र जरा सविस्तर.

आधी उशिराबद्दल. बाळाच्या मेंदूचा आणि पाठीच्या कण्याचा पाया असलेली मज्जानलिका गर्भधारणेपासून साधारण २८ दिवसांत बंद होते. पाळी चुकते तेव्हाच गर्भ जवळपास दोन आठवड्यांचा असतो. 'बघू अजून आठ-पंधरा दिवस' म्हणून वाट पाहिली की चौथा आठवडा संपलेला असतो. त्यानंतर दवाखान्यात नाव घालून फॉलिक ॲसिड सुरू केले तर ते इतर कामांना उपयोगी पडेल, मज्जानलिकेसाठी मात्र वेळ टळून गेलेली असते. १९९१ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने अनेक देशांत केलेल्या चाचणीत असे दिसले की, ज्यांच्या आधीच्या बाळात मज्जानलिका नीट बंद न होण्याचे व्यंग होते अशा स्त्रियांनी गर्भधारणेच्या आधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड घेतले तर तेच व्यंग पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटते. ज्यांना अशी पार्श्वभूमी नाही त्यांना रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरतात. मूल हवे असे ठरले की त्याच महिन्यापासून ही गोळी सुरू करायची आणि बारा आठवडे पूर्ण होईपर्यंत घ्यायची. लग्नाच्या खरेदीच्या यादीत ही गोळी कुणी लिहीत नाही, आणि लग्नानंतर वर्षभरात पाळणा हलावा ही अपेक्षा मात्र सर्वांची असते.

वेळेचा हाच मुद्दा अन्नालाही लागू होतो. २००६ ते २०१२ या काळात मुंबईच्या झोपडपट्ट्यांत 'सारस' नावाचा प्रकल्प झाला. पालेभाजी, फळ आणि दूध घालून केलेला खाऊ स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून रोज दिला गेला. सगळ्या स्त्रिया एकत्र मोजल्या तर बाळांच्या वजनात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. ज्यांनी गर्भ राहण्याआधी निदान तीन महिने तो खाल्ला होता, त्यांची बाळे मात्र सरासरी ४८ ग्रॅमने जड होती. हा आकडा छोटा वाटेल. त्याच प्रकल्पातला दुसरा निष्कर्ष तेवढा छोटा नाही: हा खाऊ खाणाऱ्यांत गरोदरपणातल्या मधुमेहाचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. वजनातला फायदा अगदी हडकुळ्या आयांच्या बाळांना फारसा मिळाला नाही. म्हणजे वर्षानुवर्षांची उपासमार तीन महिन्यांच्या खाऊने भरून निघत नाही. हे काम मुलगी बारा-तेरा वर्षांची असतानाच सुरू व्हायला हवे.

महाराष्ट्राला या विषयात परदेशी दाखल्यांची गरज कमी आहे, कारण जगभर ज्याचा हवाला दिला जातो असे एक काम पुण्याच्या आसपासच झाले आहे. १९९३ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि साउथॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. गरोदर राहण्याआधी या स्त्रियांचे सरासरी वजन ४२ किलोंच्या आसपास आणि उंची १५२ सेंटिमीटर होती. बाळे सरासरी २.७ किलोंची झाली. त्यांनी किती उष्मांक आणि किती प्रथिने खाल्ली यावरून बाळाच्या आकाराचा अंदाज येत नव्हता. तो येत होता तीन साध्या गोष्टींवरून: हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध आठवड्यातून किती वेळा पोटात गेले. पेवंदी बोर, पेरू, चिंचेच्या पानांची चटणी, राजगिरा, चाकवत, घोळ, तांदुळजा यांना बदामाइतका मान मिळत नाही. बाळाला त्याच्याशी काही देणेघेणे नसते.

याच गावांतल्या बाळांची इंग्लंडमधल्या बाळांशी तुलना केली तेव्हा एक विचित्र गोष्ट पुढे आली. आपली बाळे वजनाने पाऊण किलोहून जास्त हलकी होती, पण ती कमी होती स्नायूंत आणि पोटाच्या घेरात. पाठीवरची, त्वचेखालची चरबी जवळपास तेवढीच टिकलेली होती. काटकुळे दिसणारे बाळ आतून चरबी राखून जन्माला येते, आणि पुढे चाळिशीच्या आतच, फारसे जाड नसतानाही, त्याला मधुमेह होण्याचा धोका वाढतो. 'घरात कुणी गोड खात नाही, मग साखर कशी वाढली?' या प्रश्नाचे अर्धे उत्तर कित्येकदा आजीच्या आणि आईच्या ताटात सापडते.

या अभ्यासातला सर्वांत महत्त्वाचा धडा बी-१२ जीवनसत्त्वाचा आहे, आणि आपल्या पुरवणीतल्या यादीत त्याचे नावही नव्हते. सुमारे दोन तृतीयांश गरोदर स्त्रियांच्या रक्तात बी-१२ कमी होते. फोलेटची (म्हणजे फॉलिक ॲसिडच्या अन्नातल्या रूपाची) कमतरता मात्र जवळपास कुणातच नव्हती. ही मुले सहा वर्षांची झाल्यावर तपासली गेली. ज्या आयांच्या रक्तात फोलेट भरपूर आणि बी-१२ कमी होते, त्यांच्या मुलांमध्ये इन्शुलिनला शरीराने दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त दिसली. पेशींत ही दोन्ही जीवनसत्त्वे एकाच साखळीत काम करतात. बी-१२ नसेल तर फोलेट पेशीत एका रूपात अडकून पडते आणि जनुकांवर मिथाइलच्या खुणा करण्याच्या कामात गडबड होते. कोणते जनुक चालू ठेवायचे आणि कोणते बंद, हे त्या खुणांवर ठरते.

याचा व्यवहारातला अर्थ काय? अनेक ठिकाणी ५ मिलिग्रॅमची फॉलिक ॲसिडची गोळी नऊ महिने सरसकट लिहिली जाते, कारण औषधांच्या दुकानांत तीच सहज मिळते. ४०० मायक्रोग्रॅमच्या साडेबारापट मात्रा आहे ही. आधीचे बाळ मज्जानलिकेच्या व्यंगाचे असेल, आईला आधीपासून मधुमेह असेल किंवा फिटची औषधे चालू असतील, तर मोठी मात्रा योग्यच आहे आणि ती डॉक्टरांनी ठरवावी. बाकीच्यांनी चौथ्या महिन्यात सरकारी लोहगोळी सुरू झाली की 'ही वेगळी गोळी आता थांबवायची का?' असे डॉक्टरांना विचारावे, कारण लोहगोळीतच ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. त्या गोळीत बी-१२ नसते. पुण्याच्याच अभ्यासातली मुले मोठी झाल्यावर त्यांना किशोरवयापासून रोज फक्त २ मायक्रोग्रॅम बी-१२ देऊन पाहिले गेले. त्या गटातल्या मुलींना पुढे झालेली बाळे दोन वर्षांची असताना आकलन आणि भाषेच्या चाचण्यांत सरस ठरली. मात्रा किती छोटी आहे हे लक्षात घ्यावे.

बी-१२ वनस्पतींत नसते. पालकात नाही, बिटात नाही, स्पिरुलिनाच्या (शेवाळाच्या) गोळ्यांत असते ते माणसाच्या उपयोगाचे नसते. ते दूध, दही, अंडी, मासे आणि मांसातच मिळते. शाकाहारी बाईला दिवसाकाठी दोन पेले दूध किंवा तेवढे दही लागतेच. आपल्याकडे बरीच घरे नावाला मांसाहारी असतात, मटण महिन्यातून एकदा शिजते आणि रस्सा तिच्या वाट्याला येतो. दुभती म्हैस दारात असलेल्या घरांतही सकाळ-संध्याकाळ कॅन डेअरीवर जातो आणि घरात राहते ते चहापुरते. अशा घरात गरोदर बाईचे अर्धा लिटर आधी काढून ठेवावे आणि उरलेले डेअरीला घालावे. कोकणात आणि घाटावरच्या आठवडी बाजारांतही सुकट, बोंबील मिळतात. मूठभर सुकट भाकरीबरोबर खाल्ली तर बी-१२, कॅल्शियम आणि प्रथिने तिन्ही मिळतात. फक्त खारवलेली असल्यास धुऊन घ्यावी, आणि रक्तदाब असेल तर जपून. अंगणवाडीत नाव आहे, गोळ्या चालू आहेत आणि तरीही हिमोग्लोबिन हलत नाही, अशा बाईत बी-१२ तपासल्याशिवाय लोहाचा डोस वाढवत राहू नये.

आता ताटाचे गणित. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली ठरवलेल्या मानकांनुसार चौथ्या महिन्यापासून नेहमीपेक्षा ३५० उष्मांक जास्त लागतात. प्रथिने दुसऱ्या तिमाहीत सुमारे साडेनऊ ग्रॅम आणि तिसऱ्या तिमाहीत २२ ग्रॅम जास्त. म्हणजे 'दोन जिवांचे जेवण' कधीच लागत नाही. एक मध्यम ज्वारीची भाकरी (४५ ग्रॅम पीठ), ३० ग्रॅम तूरडाळीचे वरण आणि २०० मिलिलिटर दूध एवढ्यात ३८० च्या आसपास उष्मांक आणि साधारण १७ ग्रॅम प्रथिने होतात. सातव्या महिन्यापासून त्यात एक अंडे किंवा मूठभर, म्हणजे २५ ग्रॅम, शेंगदाणे घातले की तिसऱ्या तिमाहीचाही हिशेब जुळतो. महागडे यात काही नाही.

हिशेब फसतो तो वरणात. ३० ग्रॅम डाळीची वाटी म्हटली तरी प्रत्यक्षात मोठ्या कुटुंबात सहा माणसांना पातेलेभर आमटी पाऊण वाटी डाळीत होते, आणि शेवटी जेवणाऱ्या सुनेच्या वाट्याला तळाशी बसलेली डाळ आलीच तर आली, नाहीतर फोडणीचे पाणी. तिच्यापुरती दोन मोठे चमचे डाळ बाजूला शिजवून ती घट्ट वाढावी. भाकरीने उचलताना वाटीत वाहत असेल तर ती डाळ पुरेशी नाही. तिने शेवटी जेवण्याची पद्धत मोडली नाही तर वरच्या सगळ्या आकड्यांना काही अर्थ राहत नाही.

वजन वाढण्याचा अंदाज असा: बांधा मध्यम असेल तर नऊ महिन्यांत १० ते १२ किलो, पहिल्या तिमाहीत एखादा किलो आणि नंतर दरमहा दीड ते दोन किलो. पहिल्या तीन महिन्यांत उलट्यांमुळे वजन थोडे उतरले तर घाबरायचे कारण नाही. उठल्यावर चहाऐवजी कोरड्या लाह्या किंवा कुरमुरे, आणि दर दोन तासांनी थोडे थोडे. लघवी कमी झाली किंवा पाणीसुद्धा पोटात टिकेना तर दवाखाना. पुढच्या महिन्यांत एकाच महिन्यात ३ किलोंहून जास्त वजन वाढले तर 'बाळसे धरले' म्हणून खूश होण्याआधी रक्तदाब आणि पायांवरची सूज तपासावी. शहरांत दुसरे टोक दिसते. डोहाळे पुरवण्याच्या नावाखाली पेढे, श्रीखंड आणि फळांचे रस. साखरेची चाचणी (७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्त; १४० किंवा त्याहून जास्त आले तर मधुमेह) पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत करायची असते. तिला उपाशीपोटी यावे लागत नाही, त्यामुळे टाळण्याला सबब नाही.

लोहगोळ्यांबद्दल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय होता, आणि १८० दिवस गोळ्या घेतलेल्या माता फक्त २६ टक्के होत्या. गोळ्या मिळत नाहीत अशी तक्रार सगळीकडे नाही. मिळतात आणि डब्यात राहतात, कारण मळमळते, शौचाला काळे होते, आणि 'गोळीने बाळ काळे होते' किंवा 'बाळ फार मोठे होऊन शिजर होते' असे कुणीतरी सांगते. काळी शौच म्हणजे न शोषलेले लोह, काळजीचे काही नाही. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर तासाभराने, झोपताना घ्यावी. लिंबूपाण्याबरोबर चालते. चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी यांच्याबरोबर मुळीच नको. जेवणाबरोबरचा चहा धान्य-भाजीतले लोह निम्म्याहून जास्त वाया घालवतो. कॅल्शियमच्या दिवसाला दोन गोळ्या असतात, त्या न्याहारीनंतर आणि दुपारच्या जेवणानंतर घ्याव्यात, म्हणजे लोहाशी गाठ पडत नाही. चौथ्या ते सहाव्या महिन्यात जंताची एक गोळी, अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम, घ्यायची असते. ती विसरली जाते.

हिमोग्लोबिन ११ च्या खाली आले की रक्तक्षय, आणि ७ च्या खाली तीव्र. उपचाराची मात्रा (रोज दोन गोळ्या) सुरू केल्यावर महिन्याभरात निदान १ ग्रॅमने वाढ दिसली पाहिजे. दिसली नाही तर आधी गोळ्या खरोखर पोटात जातात का ते पाहावे, मग बी-१२, आणि गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार यांसारख्या पट्ट्यांत सिकल सेल हा रक्तपेशींचा आनुवंशिक आजार. हे सगळे एवढे जिकिरीने कशासाठी? बाळ आपल्या शरीरातला लोहाचा साठा मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत आईकडून घेते आणि पुढचे सहा महिने त्यावर काढते. आईच्या दुधात लोह फारच थोडे असते. साठा अपुरा असेल तर ज्या महिन्यांत मेंदू झपाट्याने वाढतो त्याच महिन्यांत बाळ लोहाविना राहते, आणि ती कसर नंतर पूर्ण भरून निघेलच असे नाही. याला बिनखर्चाचा एक हातभार लावता येतो: बाळ बरे असेल तर नाळ एक ते तीन मिनिटे थांबून कापावी. त्या मिनिटांत बाळाला बरेच रक्त जास्तीचे मिळते. नातेवाइकांनी प्रसूतीआधी डॉक्टरांजवळ हा विषय जरूर काढावा.

मिश्रीबद्दल कुणी लिहीत नाही, कारण ती लावणाऱ्या बायका वर्तमानपत्रात लिहीत नाहीत. मुंबईतल्या गरोदर स्त्रियांवरचा एक अभ्यास २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. मिश्री किंवा तंबाखू वापरणाऱ्यांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी निघाली. सारस प्रकल्पाच्या खाऊने जे ४८ ग्रॅम मिळवले, त्याच्या दुप्पट मिश्रीची डबी घेऊन जाते. 'दात घासायलाच लावते' हे उत्तर मान्य करू नये; निकोटिन हिरड्यांतूनच रक्तात जाते.

कष्टांचेही तसेच. पुण्याच्या त्याच सहा गावांत असे दिसले की शेतात आणि घरात जास्त अंगमेहनत करणाऱ्या आयांची बाळे आकाराने लहान होती. दिवाळीच्या आसपास बीडमधून कारखान्यांकडे निघालेली गरोदर ऊसतोड मजूर बाई उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत फडात मोळ्या वाहते. तिला 'पौष्टिक खा' असे सांगणारे पोस्टर तिच्या गावच्या अंगणवाडीत असते, ती दुसऱ्याच जिल्ह्यात. तिचा ३५० उष्मांकांचा वाढीव घास मोळी उचलण्यातच खर्च होतो.

आणि आता ताट लवकर उचलण्याबद्दल. गरोदरपणापेक्षा दूध पाजण्याच्या काळात जास्त अन्न लागते, हे बहुतेक घरांना ठाऊकच नसते. अंगावर पिणारे बाळ दिवसाला ७५० मिलिलिटरच्या आसपास दूध घेते. त्यातच ५०० उष्मांक जातात, आणि ते तयार करण्याचा खर्च वेगळा. म्हणून पहिल्या सहा महिन्यांत ६०० उष्मांक आणि १७ ग्रॅम प्रथिने जास्त, आणि नंतरच्या सहा महिन्यांतही ५२० उष्मांक. नेमक्या याच काळात ताटातून डाळ जाते ('वातूळ, बाळाला गॅस होतो'), पालेभाजी जाते ('बाळाला हिरवी शी होते'), ताक-दही जाते ('बाळाला सर्दी'), आणि काही घरांत तर पाणीही मोजून दिले जाते ('पोट सुटते'). उरतो तूप-मेतकूट-भात आणि लाडू. आईच्या आतड्यातला वायू आतड्यातच राहतो, तो रक्तात आणि दुधात उतरत नाही. आंबट खाल्ल्याने दूध आंबट होत नाही. तहान लागेल तेवढे पाणी प्यावे. जास्त प्यायल्याने दूध वाढत नाही, पण तोडल्याने बाई आजारी मात्र पडते.

दुधातल्या काही गोष्टी आई काय खाते त्यावर फारशा अवलंबून नसतात: कॅल्शियम, लोह, जस्त, फोलेट. आई उपाशी राहिली तर कॅल्शियम तिच्या हाडांतून दुधात जाते. बी-१२, बी-१, ए आणि डी जीवनसत्त्व, आयोडीन आणि माशांतली चांगली स्निग्धाम्ले मात्र आईच्या पोटात नसतील तर दुधातही नसतात. कमतरता इथे दिसते. बी-१२ शून्यावर आलेल्या आईचे, फक्त अंगावर पिणारे बाळ सहा-सात महिन्यांनंतर हसेनासे होते, बसायला लागलेले असले तरी पुन्हा लोळू लागते. केस विरळ आणि तांबूस होतात, बोटांच्या पेरांवर काळपटपणा येतो, हात-मान थरथरू लागतात. बाळ गुटगुटीत दिसत असल्याने घरच्यांना आधी कळतही नाही. बी-१२ दिल्यावर यातले बरेच काही सुधारते, पण उशीर झाला तर बुद्धीची झीज राहते. बी-१ ची गोष्ट काश्मीर खोऱ्यातल्या बालरोगतज्ज्ञांना ठाऊक आहे: पॉलिश केलेल्या तांदळावरच ठेवलेल्या बाळंतिणींची दोन-तीन महिन्यांची बाळे एकाएकी धाप लागून येतात आणि थायमिनच्या इंजेक्शनने काही तासांत सावरतात. आपल्याकडचे दीड महिन्याचे भाताचे पथ्य याच वाटेने जाऊ शकते. बाळंतिणीला बाजरी-ज्वारीची भाकरी, डाळ आणि शेपू-मेथी देणारी जुनी घरे शहाणी होती.

डिंकाचे आणि मेथीचे लाडू वाईट नाहीत. पण ४० ग्रॅमच्या लाडवात उष्मांक भरपूर आणि प्रथिने दोन-तीन ग्रॅम. खोबरे आणि गूळ कमी करून त्यात भाजलेल्या शेंगदाण्याचे कूट, तीळ आणि नाचणीचे पीठ घातले तर तोच लाडू कामाचा होतो. तिळात आणि नाचणीत कॅल्शियमही आहे. हळिवाची खीर दुधात करावी, पाण्यात नको. यातल्या कशानेच दूध 'उतरत' नाही. दूध वाढते ते बाळाने वारंवार आणि नीट ओढल्याने. जन्मल्यावर तासाभरात छातीला लावणे, पहिला चीक न टाकणे आणि सहा महिने बाळाला पाणीसुद्धा न देणे, विदर्भातल्या मे महिन्यातही, एवढे पाळले तर पावडरच्या डब्याची गरज क्वचितच पडेल. मध-गुटी तर मुळीच नको. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बॉट्युलिझम ही गंभीर विषबाधा होऊ शकते. दुधात डी जीवनसत्त्व अपुरेच असते, म्हणून बाळाला रोज ४०० युनिटचे थेंब द्यावे लागतात.

खवय्यांसाठी एक गंमत: आईने खाल्लेल्या लसणाचा, गाजराचा वास-चव गर्भजलात आणि दुधात उतरते. अमेरिकेतल्या एका प्रयोगात गरोदरपणात किंवा दूध पाजताना गाजराचा रस प्यायलेल्या आयांच्या बाळांनी पुढे गाजर घातलेली पेज कमी तोंड वाकडे करून खाल्ली. शेपू आवडत नाही म्हणणारी पिढी घडवायची नसेल तर उपाय कळला असेल.

सध्या सैंधव मिठाचे फॅड आले आहे. बहुतेक सैंधव आणि खडे मीठ आयोडीनयुक्त नसते. आयोडीन कमी पडले तर बाळाच्या मेंदूची वाढ गर्भातच मंदावते आणि दुधातूनही ते मिळत नाही. गरोदर आणि पाजणाऱ्या बाईच्या घरात साधे आयोडीनयुक्त मीठच असावे, झाकणाच्या डब्यात, आणि शक्यतो भाजी शिजल्यावर घालावे. वजन घटवण्यासाठी उपास किंवा कीटो करणाऱ्या तरुण आयांना एवढेच: पहिले सहा महिने नाही.

सरकारी योजनांत हेच 'उशिरा आणि थोडेच' दिसते. घरपोच आहाराच्या पाकिटातून, २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यातल्या निकषांनुसार, रोज ६०० उष्मांक आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिने द्यायची असतात, पण पाकीट घरी गेले की ते सगळ्यांचे होते, कधी गुरांचेही. अनुसूचित क्षेत्रात २०१५ पासून चालू असलेली डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना याहून शहाणी आहे, कारण भाजी-डाळ-भाकरी-अंड्याचे गरम जेवण बाई अंगणवाडीतच बसून जेवते. त्याचे वाटे पडत नाहीत. ती बिगर आदिवासी तालुक्यांत आणि साखर कारखान्यांच्या तळांवर का नाही? प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५००० रुपये मिळतात, त्यातले २००० बाळाची नोंद आणि लसी झाल्यावर. दुसऱ्या बाळासाठी ६००० मिळतात ते मुलगी झाली तरच, अर्थात जन्मानंतर. दुसऱ्या खेपेला गरोदर असलेल्या बाईच्या हातात या योजनेतून नऊ महिन्यांत एक रुपयाही पडत नाही. अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ साली, सरकारी नोकरी किंवा तसाच दुसरा लाभ असलेल्या सोडून, प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान ६००० रुपयांचा हक्क दिला आहे. त्यात मुलगा-मुलगी किंवा पहिले-दुसरे असा भेद नाही.

आरोग्य विभागाकडे आमच्या मागण्या अशा. किशोरवयीन मुलींच्या आठवड्याच्या लोहगोळीत आणि गरोदरपणाच्या गोळीत बी-१२ घालण्याचा निर्णय घ्यावा. खर्च नगण्य आहे आणि पुरावा पुण्यातलाच आहे. विवाह नोंदणी कार्यालयात नोंदणीच्या दाखल्याबरोबर तीन महिन्यांच्या ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडच्या गोळ्या मिळाव्यात. मातृवंदनेचा पहिला हप्ता दुसऱ्या खेपेलाही, चौथ्या महिन्याच्या आत जमा व्हावा. आणि हंगामात कारखान्याच्या तळावर आलेल्या प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेचे नाव, तिच्या मूळ गावच्या नोंदीची वाट न पाहता, त्याच आठवड्यात जवळच्या अंगणवाडीत घातले जावे.

आपले,
स्त्री-आरोग्य आणि आहारशास्त्र या क्षेत्रांत काम करणारे दोघे, पुणे